सातातून सात गेले, बाकी काय?

आमच्या कचेरीत दुपारचे डबे उघडले की दोन विषय हमखास निघतात. एक, डी.ए.ची थकबाकी कधी मिळणार. आणि दोन, जगात सर्वांत थोर कोण. पहिल्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं, दुसऱ्याचं मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं! परवा वाद पेटला तो वेगाच्या खेळांवरून. फॉर्म्युला वनचा मायकेल शूमाकर थोर, मोटरसायकलचा व्हॅलेंटिनो रॉसी थोर, की सायकलचा एडी मर्क्स? आमच्या सेक्शनमधले एक ज्येष्ठ सहकारी बोटं मोडत म्हणाले, "वाद कसला घालता? विजेतेपदं मोजा. शूमाकर सात, रॉसी नऊ, अगोस्तिनी पंधरा. संपलं."

संपलं? मला वाटतं, खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मी बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझं कधीच जमलं नाही. पण वीस-बावीस वर्षं सरकारी टेबलावर काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. महिनाअखेरच्या तक्त्यात ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त निकाली फाईली असतात, तो सर्वांत चांगला कारकून असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याच्या वाट्याला सोप्या फाईली आलेल्या असतात, एवढंच. वादाची, तीन खात्यांत अडकलेली, वाळवी लागलेली फाईल ज्याने घेतली, त्याच्या रकान्यात 'एक' एवढाच आकडा पडतो. हा अन्याय आपण रोज बघतो, आणि डबा उघडून खेळावर बोलायला लागलो की तोच अन्याय स्वतः करतो.

माझा मुद्दा सरळ आहे. विजेत्याचं आकड्यांचं वर्ष आणि त्याचं थोरपणाचं वर्ष ही सहसा दोन वेगळी वर्षं असतात. पहिलं शोधायला नोंदवही पुरते. दुसरं शोधायचं तर त्याच्याकडची सोय काढून घेतली तेव्हा त्याने काय केलं, हे बघावं लागतं.

शूमाकरपासून सुरुवात करू. २००२ साली त्याने १७ पैकी ११ शर्यती जिंकल्या, सतराच्या सतरा शर्यतींत तो पहिल्या तिघांत होता, आणि सहा शर्यती बाकी असताना जुलैमध्येच विजेतेपद खिशात घातलं. २००४ मध्ये १८ पैकी १३ विजय. आकडेवाल्यांचे डोळे दिपले. पण त्याच २००२ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियात काय घडलं ते आठवा. पहिल्या क्रमांकावर पळणाऱ्या रुबेन्स बॅरिकेलोने शेवटच्या काही मीटरांत संघाच्या हुकमावरून वेग कमी केला आणि शूमाकरला पुढे जाऊ दिलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने बॅरिकेलोला सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं, आणि त्या समारंभाचा शिष्टाचार मोडला म्हणून दहा लाख डॉलरचा दंड झाला. हाही विजय त्या अकरांत मोजलेला आहे!

आता १९९६ बघा. दोन वेळचा विश्वविजेता शूमाकर बेनेटन संघ सोडून फेरारीत आला. फेरारीच्या ड्रायव्हरला १९७९ नंतर विजेतेपद मिळालेलं नव्हतं. गाडी वेगवानही नव्हती आणि भरवशाचीही नव्हती. त्या वर्षी शूमाकर तिसरा आला, विजय फक्त तीन. पण त्यातला स्पेनचा विजय मुसळधार पावसात, सुमारे पाऊण मिनिटाच्या फरकाने मिळवलेला. त्याच संघातल्या एडी इर्विनचे वर्षाचे गुण ११, शूमाकरचे ५९. (इर्विनची गाडी पुन:पुन्हा बंद पडली, हेही खरं. तेवढी सूट त्याला देऊ.) माझ्या लेखी शूमाकरचं सर्वांत मोठं वर्ष २००४ नव्हे, १९९६. ज्या वर्षी तो हरला, ते.

"म्हणजे गाडीच जिंकते, माणूस नाही," असं म्हणणारा दुसरा गट इथे टाळ्या वाजवील. त्यांनी थांबावं. २०२३ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनने २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या. गाडी अफाट होती, मान्य. पण तसल्याच दुसऱ्या गाडीत सर्जिओ पेरेझ बसला होता. व्हर्स्टापेनचे गुण ५७५, पेरेझचे २८५. निम्मेसुद्धा नाहीत. गाडीच जिंकत असती तर हे अंतर आलं कुठून? ज्याच्या हातात तेच यंत्र आहे, अशा माणसाशी तुलना हीच या खेळातली खरी मोजपट्टी. विजेतेपदांची बेरीज नव्हे.

आणि हुआन मॅन्युएल फँजिओ? पाच विजेतेपदं, ती चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून : अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज, फेरारी. ५१ शर्यतींत २४ विजय. १९५७ मध्ये न्यूर्बुर्गरिंगला पिटमध्ये वेळ गेल्यावर त्याने फेऱ्यांमागून फेऱ्यांचा विक्रम मोडत हॉथॉर्न आणि कॉलिन्स या दोघांच्या फेरारी गाड्यांना गाठलं, मागे टाकलं. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. माझ्या वयाचा, म्हणा ना! १९५६ मध्ये मात्र त्यालाही फायदा झाला होता. मोंझाला पीटर कॉलिन्सने आपली गाडी त्याला दिली, म्हणून त्याचं विजेतेपद पक्कं झालं. म्हणजे देवमाणूस कोणीच नाही. पण ज्याने चार वेळा घर बदललं आणि प्रत्येक घरात दिवा लावला, त्याच्या पाचाची किंमत सातापेक्षा कमी कशी धरायची?

मोटरसायकलकडे वळू. जाकोमो अगोस्तिनीची १५ विश्वविजेतेपदं आणि १२२ विजय हे आकडे आजही सर्वांच्या वर आहेत. पण १९६७ च्या अखेरीला होंडाने माघार घेतली, माइक हेलवूडसारखा प्रतिस्पर्धी त्याबरोबर गेला, आणि १९६८ मध्ये एम.व्ही. अगुस्तावर बसलेल्या अगोस्तिनीने ५०० सी.सी.च्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या. समोर होतं कोण? त्याचं मोठेपण मला दिसतं ते १९७५ मध्ये. तोवर तो ती घरची गाडी सोडून यामाहावर गेला होता, आणि ५०० सी.सी.त टू-स्ट्रोक इंजिनाला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा तोच ठरला.

रॉसीचं तर उदाहरण डोळ्यांसमोरचं. २००४ मध्ये मी नुकताच एल.डी.सी. म्हणून लागलो होतो, त्यामुळे ते वर्ष पक्कं लक्षात आहे. होंडावर लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवल्यावर लोक म्हणायचे, "होंडावर कोणीही जिंकेल." रॉसीने होंडा सोडली आणि यामाहा घेतली. त्या यामाहाने २००३ मध्ये एकही शर्यत जिंकलेली नव्हती, आणि सर्वोच्च गटातलं तिचं शेवटचं विजेतेपद १९९२ चं. १८ एप्रिल २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला, यामाहावरच्या पहिल्याच शर्यतीत त्याने मॅक्स बियाजीच्या होंडाला हरवलं. वर्षभरात १६ पैकी ९ शर्यती आणि विजेतेपद. त्याच संघातला कार्लोस चेका एकही शर्यत जिंकू शकला नाही.

"मग २०११-१२ चं काय?" हा प्रश्न मी स्वतःच विचारतो, कारण तो लपवला तर माझ्यात आणि आकडेवाल्यांत फरक उरणार नाही. रॉसी डुकाटीवर गेला आणि दोन वर्षांत एकही शर्यत जिंकला नाही. हे मी त्याच्या विरोधात धरत नाही, बाजूनेच धरतो. यंत्राचा वाटा किती मोठा असतो हे त्यातून दिसलं, आणि २००४ मध्ये त्याने पणाला काय लावलं होतं हेही त्यातूनच कळलं. जो डाव लावतो तो कधीतरी हरणारच. डाव न लावणारा कधीच हरत नाही, आणि त्याचे आकडे सुंदर दिसतात.

मार्क मार्केझही याच जातीचा. २०२० मध्ये जेरेझला हात मोडला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. मग होंडाचा करार एक वर्ष आधीच सोडून २०२४ मध्ये तो एका लहान संघाच्या, आदल्या वर्षीच्या डुकाटीवर बसला. अारागॉनला जिंकला तेव्हा आधीच्या विजयाला जवळजवळ तीन वर्षं झाली होती. २०२५ मध्ये तो डुकाटीच्या मुख्य संघात गेला आणि विश्वविजेता झाला. दोन वेळचा विजेता बान्याया त्याच संघात, त्याच वर्षी पाचवा आला.

आता सायकल. इथे सगळे एका सुरात म्हणतात, "तिथे इंजिन नाही, तिथे माणूसच इंजिन. म्हणून सायकलचा विजेता सर्वांत शुद्ध." ही समजूत सर्वांत भाबडी आहे, आणि मी स्वतः ती बाळगली होती म्हणून जास्त रागाने लिहितो.

एक तर सायकलस्वार एकटा नसतो. टूर द फ्रान्समध्ये त्याच्यासमोर वारा अडवायला, पाणी आणून द्यायला, वेळ पडली तर आपलं चाक काढून द्यायला अख्खा संघ राबतो. बॅरिकेलोने एकदा केलं त्यावर जग ओरडलं. सायकलच्या संघात तेच काम रोजचं, पगारी. आणि दुसरं, माणूस हेच इंजिन असेल तर छेडछाड इंजिनातच होणार. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीनंतर उघडून तपासता येते. माणसाचं रक्त असं उघडून ठेवता येत नाही.

२००५ साली माझे मामा कॅन्सरने आजारी होते. लान्स आर्मस्ट्राँग तेव्हा सातवी टूर जिंकला होता. कॅन्सरमधून उठून १९९९ ते २००५, लागोपाठ सात! मी म्हापशाच्या बाजारातून तो पिवळा रबरी पट्टा आणला (नकलीच असणार, दहा-वीस रुपयांचा) आणि मामांच्या मनगटात घातला. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मामा म्हणाले, "हो मनीस खरोच बरो जालो मरे?" मी म्हटलं, "जालो. सात फावटीं जिखलो." जाईपर्यंत तो पट्टा त्यांच्या हातात होता.

२०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. त्या सात वर्षांची विजेतेपदं कोणालाच दिलेली नाहीत, जागा रिकामी आहे. त्याच्या मागे तीनदा दुसरा आलेला यान उलरिश, तोही दोषी ठरला. सातातून सात गेले, बाकी शून्य. आकडे मोजून देव ठरवणाऱ्यांनी हे गणित भिंतीवर लावून ठेवावं.

पण बाकी अगदीच शून्य का? त्याचा कॅन्सर खरा होता, बरं होणंही खरं होतं. मामांना मी 'बरा झाला' एवढंच सांगितलं असतं तर ते आजही खरं राहिलं असतं. 'सात वेळा जिंकला' हे मी वर जोडलं, कारण मलाही नुसत्या माणसाच्या जगण्यापेक्षा आकडा मोठा वाटला. चूक त्याची होतीच, पण ही एवढी माझीही होती.

मर्क्सचं म्हणाल तर १९६९ ची टूर त्याने जवळजवळ अठरा मिनिटांनी जिंकली. पिवळी जर्सी, गुणांची स्पर्धा, डोंगरांची स्पर्धा, सगळं एकट्याने. एकूण विजय ५२५. पण त्याच वर्षी जिरोमध्ये त्याची उत्तेजक चाचणीत दोषी ठरून त्याला घरी जावं लागलं होतं. त्याने ते कधीच मान्य केलं नाही. मला मर्क्स दिसतो तो १९७५ मध्ये. चढावर एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात गुद्दा मारला, पुढे पडून गालाचं हाड मोडलं, आणि तरी तो पॅरिसपर्यंत गेला. दुसरा आला. नोंदवहीत ती टूर त्याच्या नावावर नाही.

आजचा तादेय पोगाचार २०२४ मध्ये जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद एकाच वर्षी जिंकला. आधी हे दोघांनाच जमलं होतं, मर्क्सला १९७४ मध्ये आणि स्टीफन रोशला १९८७ मध्ये. लगेच कुजबुज सुरू झाली. दूध पोळलेली माणसं आपण, ताकही फुंकणारच. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी त्याच्याकडे बघतो ते २०२५ च्या पॅरिस-रूबेमुळे. डोंगर चढणारे हलके स्वार त्या दगडी रस्त्यांकडे फिरकत नाहीत. तो गेला, आणि दुसरा आला.

तेव्हा पुढच्या वेळी डबा उघडून कोणी 'विजेतेपदं मोजा' म्हणालं तर त्याला तीन प्रश्न विचारा. तेच यंत्र असलेल्या दुसऱ्याने काय केलं? समोर जिंकण्याची मुभा असलेला कोणी होता का? आणि हातची सोय सोडून हा माणूस कधी कुठे गेला का? तिन्हींची उत्तरं मिळाली की मग खुशाल बेरीज करा.

परवा हे सगळं बोलून झाल्यावर आमचे ज्येष्ठ सहकारी डबा बंद करत म्हणाले, "तुझं म्हणणं पटतं रे, पण बढतीच्या यादीत हे लिहायचं कुठल्या रकान्यात?" त्यांच्या टेबलावर एक जुनी, कोणीच न घेतलेली फाईल गेली चार महिने आहे. या महिन्याच्या तक्त्यातही त्यांचा आकडा सर्वांत कमीच लागणार आहे.