आडनावाची चौकट सक्तीची कुणी केली?

नवे खाते उघडताना पहिली चौकट नावाची, दुसरी आडनावाची. दुसरीवर लाल चांदणी असते. रिकामी ठेवा, पान पुढे सरकत नाही. तांत्रिक गरज आहे म्हणे! मित्रांनो, संगणकाला आडनाव लागत नाही. खाते ओळखायला मोबाईल नंबर किंवा ईमेल पुरतो. आडनाव लागते ते समोरच्या माणसाला.

ते कशासाठी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कांबळे, वाघमारे म्हटले की काम संपते. जाधव, गायकवाड असेल तर पुढचा प्रश्न तयारच असतो : "म्हणजे नेमके कोणते जाधव?" सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. 2007 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावांपेक्षा स्पष्टपणे कमी. फरक होता तो फक्त आडनावाचा. आता तेच आडनाव घरभाडे, नोकरी, लग्नाच्या साइटवर सक्तीने भरून घेऊन सगळ्यांना दाखवले जाते. काही ठिकाणी तर नाव आणि आडनाव जोडून युजरनेमही परस्पर तयार होते. नंतर नाव बदला, युजरनेम तेच राहते.

आणि आडनाव प्रत्येकाला असतेच, हे तरी कुठे खरे आहे? तामिळनाडूत स्वाभिमान चळवळीने 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक उपाधी टाकण्याचा ठराव केला. आजही तिथे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढ्यावर भागते. त्यांनी दुसऱ्या चौकटीत काय लिहावे?

"मग खोटी खाती वाढतील, ट्रोल माजतील," असे सांगितले जाते. आपल्याला शिव्या घालणारे कितीतरी जण आडनावासकट, फोटोसकट घालतात. त्यांना लपायची गरजच वाटत नाही. फेसबुकने 'खऱ्या नावा'चा आग्रह धरला तेव्हा अमेरिकेतल्या मूलनिवासींची खरी नावेच खोटी ठरवून खाती बंद केली. 2014 मध्ये ड्रॅग कलाकारांची खाती बंद झाल्यावर आंदोलन झाले आणि कंपनीला माफी मागावी लागली.

आडनाव लपवा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कांबळे हे नाव छातीठोकपणे लावणाऱ्या पोरांचा आम्हाला अभिमान आहे. पण लावायचे की नाही, हे त्या पोराने ठरवावे, कंपनीने नव्हे.

बँकेला केवायसीसाठी कागदोपत्री नाव लागते, ते तिने घ्यावे आणि आपल्यापाशीच ठेवावे. बाकी ठिकाणी नावाची एकच चौकट पुरे : तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? लॉगिनचे नाव वेगळे, लोकांना दिसणारे वेगळे, आणि दिसणारे केव्हाही बदलता आले पाहिजे, जुने कुठेही न उरता. पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत आपली कितीतरी मुले-मुली हेच फॉर्म लिहितात. ती लाल चांदणी काढायला एक ओळ बदलावी लागते. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय तुम्हीच काढा.