विश्लेषण : ‘१० दिवसांत ५ किलो’, पण घटते ते नेमके काय?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि तिच्यासोबत मोबाइलवर ‘१० दिवसांत ५ किलो’चे रील्सही. सकाळी गरम पाणी, दुपारी वाटीभर सूप, रात्री काकडी, असा बहुतेकांचा मामला. पेण किंवा रोह्यासारख्या गावात आहारतज्ज्ञ शोधत बसण्यापेक्षा हा मार्ग सोपा आणि फुकटातला वाटतो. पहिल्या आठवड्यात वजनकाटाही दाद देतो. दोन-तीन किलो खरोखर कमी दिसतात. ते कशाचे असतात, हे मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही.

हिशेब जुळतो का?

जुळत नाही. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात (शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी). पाच किलोंच्या झाल्या ३८,५००. त्या दहा दिवसांत जाळायच्या तर रोज ३,८५० कॅलरींची तूट हवी. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची संपूर्ण गरजच १,६६० कॅलरी आहे. म्हणजे तिने दहा दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तरी तूट होईल १६,६०० ची. त्यातून चरबी जाईल फार तर दोन किलोंच्या थोडी वर. हे गणित नववीतल्या मुलालाही जमेल.

मग बाकीचे? आधी जाते पाणी. यकृत आणि स्नायू यांच्यात मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. उपासमारीत ही साखर दोनेक दिवसांत संपते आणि काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. पुन्हा नीट जेवायला लागले की ते वजन परत. त्यानंतर मात्र चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, आणि खरा तोटा तिथे आहे.

स्नायू गेले तर काय बिघडते?

याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी अनेक भारतीयांची ठेवण आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. आधीच कमी असलेले स्नायू उपाशी राहून आणखी घटवायचे आणि वर मधुमेह टाळायचा म्हणायचे, हे काही जमणारे नाही.

रायगडच्या भातखाऊ ताटात हा धोका लवकर जाणवतो. भारतीयांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे ५५ किलोंच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. तांदळाच्या दोन भाकऱ्यांतून मिळतात सात-आठ ग्रॅम. डाएट सुरू झाले की ताटातून सर्वांत आधी वालाचे बिरडे (‘तेल असते’), अंडे (‘उष्ण पडते’) आणि सुकट जाते. उरते कोशिंबीर. प्रथिनांचा स्वस्त आणि घरचा भागच आपण काढून टाकतो.

शरीर तडजोड कशी करते?

मोबाइलची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की तो लो पॉवर मोडमध्ये जातो. शरीराचेही साधारण तसेच. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोज सुमारे १,५७० कॅलरी. आजच्या अनेक डाएटपेक्षा हे जेवण जास्तच म्हणायचे. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांश घटले, पण नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली आणि दिवसभर डोक्यात फक्त खाण्याचे विचार. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले.

दुसरे उदाहरण ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेचे. तिच्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार बहुतेकांचे वजन बऱ्याच प्रमाणात परत आले होते, पण शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. ‘मी इतके कमी खाते तरी वजन वाढते’ असे कोणी म्हणाले, तर ती खोटे बोलते असे समजू नये.

जिवावर बेतू शकते का?

हो. १९७० च्या दशकात अमेरिकेत फक्त द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचे खूळ आले होते. त्याच्याशी जोडलेले सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. त्यांतील अनेकांत हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील १८ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. वजन वाढेल या भीतीने ती काही महिने जवळजवळ फक्त पाण्यावर राहत असल्याचे समोर आले. ॲनोरेक्सिया हा आजार आहे. त्याला हट्ट समजून घरचे ओरडत राहतात आणि वेळ जातो.

इतके टोक गाठले नाही, तरी झपाट्याने वजन घटवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. पाळी अनियमित होते किंवा थांबते, तशी हाडेही ठिसूळ होतात. केस मात्र दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे दोष शाम्पूवर जातो.

पेण-रोह्यात कोणी जास्त जपावे?

पहिला क्रमांक महिलांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. २३.४ टक्के महिला जाड, तर २०.८ टक्के प्रमाणापेक्षा कृश. दिवा-रोहा मेमूने पहाटे निघून पनवेल-ठाण्याकडे कामाला जाणारी, नाश्ता टाळणारी तरुणी यातल्या दोन गटांत एकाच वेळी असू शकते : वजन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी. तिने जेवण अर्धे केले तर लोहही अर्धे होते.

दुसरे, धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणारे. उष्णता, अंगावर सुरक्षेचा पोशाख, उंचावरची शिडी आणि पोट रिकामे असेल तर साधी चक्करही महागात पडते.

तिसरे, कबड्डीपटू. रायगडात गावोगावी कबड्डी आहे आणि किशोर, कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. काट्यावर उभे राहण्याआधी दोन दिवस न खाणे, पाणीही तोडणे, याचा मोह मोठा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीआधी विनेश फोगट ५० किलो गटात १०० ग्रॅमनी जास्त भरल्याने बाद झाली, हे सर्वांना आठवते. रात्रभर घाम गाळून वजन उतरवल्यानंतर तिला शिरेतून द्रव द्यावे लागले, हे कमी जणांना आठवते. तिच्यामागे डॉक्टरांचा ताफा होता. पंधरा वर्षांच्या मुलामागे कोण असते?

मधुमेहींचा मुद्दा वेगळा आणि तातडीचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून जेवण टाळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. नवरात्रातही हेच लागू.

मग डॉक्टरच ८०० कॅलरी देतात, ते कसे?

हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत (२०१७) टाइप-२ मधुमेहींना तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींवर ठेवले आणि वर्षअखेर ४६ टक्के जण औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आले. पण ते अन्न प्रथिने आणि जीवनसत्त्वे मोजून बनवलेले होते, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या आणि तपासण्या सतत चालू होत्या. काकडी-सूपशी त्याची तुलना होत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीचेही लोकांनी असेच केले आहे. तिच्यात दोन वेळाच, पण भुकेप्रमाणे जेवायला सांगितले आहे. अनेकांनी वेळाही दोन केल्या आणि ताटही अर्धे.

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली. त्यांच्याने भूक इतकी मंदावते की कमी खाणे आपोआप होते. तेव्हा प्रथिने आणि व्यायामाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

किती कमी खाल्लेले चालते?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजन घटवण्याचा आहार दिवसाला १,००० कॅलरींपेक्षा कमी नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित. म्हणजे पाच किलोंना अडीच महिने. लग्नाची तारीख दहा दिवसांवर असेल तर ब्लाउज सैल करून घेणे जास्त शहाणपणाचे. कात्री लावायची तर आधी साखरेचा चहा, बेकरीचे पदार्थ आणि तळण यांना. डाळ, वाल, अंडी, मासळी यांना नको. सोबत वजन उचलण्याचा किंवा दंड-बैठकांसारखा व्यायाम हवा, कारण स्नायू त्यानेच टिकतात.

आणि कोणी आठ-दहा दिवस जवळपास उपाशी राहिले असेल, तर त्याला एकदम भरपेट वाढू नये. अचानक आलेल्या अन्नाने रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने घसरते आणि हृदयावर ताण येतो. पेण-रोह्याच्या आदिवासी वाड्यांतले तीव्र कुपोषित बाळ पोषण केंद्रात आणले जाते, तेव्हा म्हणूनच सुरुवातीला कमी ताकदीचे दूध थोडे थोडे देतात. त्या बाळाला अन्न मिळाले नव्हते आणि इथे ते नाकारलेले असते. शरीराच्या लेखी दोन्ही एकच. अशा व्यक्तीला आधी डॉक्टरांकडे न्यावे. जेवण लपवणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, हाडे दिसत असताना ‘मी जाड आहे’ म्हणणे अशी लक्षणे दिसली तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.