जपानी बालकांचें इंग्रजी : खेळ कीं अभ्यास?

परभाषा शिकवितांना मुलाच्या हातीं प्रथम काय द्यावें, पुस्तक कीं खेळ, हा प्रश्न जुना आहे. जपान देशानें आपल्या प्राथमिक शाळांपुरता त्याचा जो निकाल लावला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचारांत घेण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

जपानांत इंग्रजीची ओढ नवी नव्हे. फुकुझावा युकिची या विद्वानानें कित्येक वर्षें झटून डच भाषा संपादन केली होती. १८५९ सालीं तो नुकत्याच खुल्या झालेल्या योकोहामा बंदरीं गेला, तों दुकानांवरील पाट्या त्यास वाचतां येईनात. त्या इंग्रजींत होत्या. तो खिन्न झाला, परंतु लाजला नाहीं. लागलाच त्यानें इंग्रजीचा ओनामा केला. पुढें मात्र शाळांत ही भाषा शिरली ती परीक्षेचा विषय होऊन. वाक्यावाक्याचा जपानी अर्थ लावणें यासच अध्ययन म्हणूं लागले. १९२२ सालीं हॅरल्ड पामर नांवाचे इंग्रज भाषाशिक्षक तेथें गेले व आधीं कान, मग जीभ, नंतर पुस्तक असा क्रम त्यांनीं आग्रहानें प्रतिपादिला. तरी परीक्षेचा पगडा ढळला नाहीं. वर्षानुवर्षें इंग्रजी शिकलेला मनुष्य परदेशीय पाहुण्यापुढें मुका होतो, ही तक्रार जपानी लोक स्वतःच करीत आले आहेत.

म्हणून २०११ सालापासून प्राथमिक शाळेच्या पांचव्या व सहाव्या इयत्तांस आठवड्यास एक तास इंग्रजीच्या बोलण्याचालण्याचा नेमण्यांत आला. २०२० पासून हा आरंभ तिसऱ्या इयत्तेवर आला. तिसरी-चौथीस वर्षास ३५ तास. त्यांत भर ऐकण्यावर व बोलण्यावर, आणि गुणांचे आंकडे नाहींत. पांचवी-सहावीस ७० तास. तेथें वाचन-लेखन येतें व गुणही येतात. चार वर्षांत ६०० ते ७०० शब्दांशीं ओळख व्हावी अशी अपेक्षा आहे. याच मुलांस प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ चिनी अक्षरें शिकावयाचीं असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्या माथ्यावर आणखी पाठांतर लादणें किती अनुचित झालें असतें तें कळून येईल.

शिवाय जिभेचीही अडचण आहे. जपानींत र आणि ल असे दोन भिन्न वर्ण नाहींत, आणि बहुतेक अक्षरें स्वरान्त असतात. त्यामुळें ‘मिल्क’ शब्दाचें ‘मिरुकु’ होतें, व ‘राइस’ म्हणजे तांदूळ आणि ‘लाइस’ म्हणजे उवा यांतील भेद कानास लागत नाहीं. आम्हीं यास हंसूं नये. आमच्याही जिभेनें ऑफिसाचें हापिस व स्टेशनाचें ठेसन केलेलेंच आहे.

आतां तेथील खेळ पाहूं. ‘कारुता’ हा जपानी घरांत नववर्षाच्या सणांत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ. चित्रांचे पत्ते मांडावयाचे, शिक्षकानें इंग्रजी नांव उच्चारावयाचें, व जो प्रथम ओळखील त्यानें पत्ता उचलावयाचा. ‘फुकुवाराई’ हा दुसरा. आपल्या आंधळ्या कोशिंबिरींत बांधतात तशी डोळ्यांवर पट्टी बांधून एका मुलानें कोऱ्या मुखवट्यावर कागदी नाक, डोळे, तोंड बसवावयाचें. इतरांनीं ‘अप, डाउन, राइट, लेफ्ट’ असें सांगत त्यास वाट दाखवावयाची. नाक कपाळावर बसलें कीं सारा वर्ग हंसतो, व तोच शब्द पुनः पुनः उच्चारला जातो.

कोणी म्हणतील, हा वेळेचा अपव्यय आहे. मुलें आरडाओरडा करतील, खेळ स्मरणांत राहील आणि शब्द विसरतील. या आक्षेपांत तथ्य आहे. शब्द न समजतांही जो खेळ जिंकतां येतो, तो भाषेच्या तासास निरुपयोगी होय. कारुतांतही चपळ मुलेंच सारे पत्ते पळवितात, व मंद मूल कोपऱ्यांत उभें राहतें. परंतु जोड्या लावून दिल्या, किंवा पत्ता उचलणाऱ्यासच पुढचें नांव उच्चारावयास लाविलें, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. ऐकल्याबोलल्याविना पुढें सरकतां येत नाहीं असा खेळ हा अभ्यासच होय. फरक इतकाच कीं, त्यांत चुकलेल्या मुलास पुनः डाव मिळतो.

आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. परभाषेचा खरा शत्रु व्याकरण नव्हे. तो शत्रु लाज होय. जपानांत इंग्रजी पुष्कळदां वर्गशिक्षकच शिकवितात, आणि त्यांतील अनेकांस ती सफाईनें बोलतां येत नाहीं. १९८७ पासून परदेशीय तरुण साहाय्यक म्हणून येतात, तरी भार वर्गशिक्षकावर राहतोच. कित्येकांस हें व्यंग वाटतें. आम्हांस उलट वाटतें कीं, जो शिक्षक स्वतः अडखळतो, हंसतो व पुनः प्रयत्न करितो, त्याच्याकडून मुलें उच्चाराहून मोठा धडा घेतात.

पांचवीपासून गुण आले ही गोष्ट मात्र आम्हांस शंकास्पद वाटते. आंकडा आला कीं चूक ही खेळांतील हार न राहतां घरीं सांगण्याची नामुष्की होते. दोन वर्षें मोकळी झालेली जीभ त्यामुळें पुनः बांधली जाऊं नये, ही जबाबदारी शिक्षकांइतकीच आईबापांची आहे.

महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. तेव्हां हा प्रश्न दूरदेशचा नाहीं. जपानी मुलें ‘शिरितोरी’ नांवाचा खेळ खेळतात. एकानें शब्द बोलावा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानें नवा शब्द काढावा. आपल्या भेंड्यांचाच हा भाऊ. सायंकाळीं घरीं बसून इंग्रजी शब्दांच्या भेंड्या लावण्यास एक पैही लागत नाहीं. आईस इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. मुलानें तिला शिकवावें.

पालकांस आमची विनंती एवढीच : मूल घरीं आलें म्हणजे ‘गुण किती?’ असें विचारण्यापूर्वीं ‘आज कोणता नवा शब्द बोललास?’ असें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, सोबत्याचा उच्चार चुकला तर त्यास हंसूं नका. हंसलांत तर तो पुढच्या वेळीं तोंडच उघडणार नाहीं, आणि त्याचें इंग्रजी तेथेंच थांबेल.