मुलाबरोबर वाढणारी झडप

आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली की आईवडिलांपुढे सहसा दोन पर्याय असतात, आणि दोन्ही अपुरे. धातूची झडप टिकते, पण गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर वॉरफरिन घ्यावं लागतं, रक्त किती वेळात गोठतं हे (आयएनआर) तपासत राहावं लागतं. मुलगी पुढे गरोदर राहिली, तर हीच गोळी गर्भाला घातक ठरू शकते. जनावरांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा कायमची लागत नाही, पण लहान वयात तिच्यात कॅल्शियम साचून ती लवकर कडक होते. शिवाय मूल वाढतं, झडप वाढत नाही. मग पुन्हा छाती उघडणं आलं.

जर्मनीत हानोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात आक्सेल हावेरिश यांच्या गटाने तिसरी वाट काढली. मृत दात्याची झडप डिटर्जंटच्या द्रावणांत धुऊन तिच्यातल्या पेशी काढून टाकायच्या. मागे उरतो कोलॅजेन आणि इलॅस्टिनचा सांगाडा. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हळूहळू वस्तीला येतात. २००२ मध्ये मोल्दोव्हात दोन मुलांना पेशी काढलेल्या झडपा बसवल्या, तेव्हा त्यांच्याच रक्तातल्या पेशी आधी त्यांवर पेरल्या होत्या. साडेतीन वर्षांनी एका मुलाच्या झडपेच्या कड्याचा व्यास १८ मिलिमीटरवरून २२.५ झाला होता. पुढे पेशी न पेरताच या झडपा वापरल्या जाऊ लागल्या.

याने सगळं सुटणार नाही. या झडपा फुप्फुसधमनी आणि महाधमनीच्या झडपांच्या जागी बसतात. आपल्याकडे संधिज्वराने बहुतेकदा मायट्रल झडप खराब होते. तिथे खरा उपाय घसादुखीवर वेळेत दिलेलं पेनिसिलिन हाच आहे. पण जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी ही मोठी आशा आहे.

आणि अडतं ते दात्यापाशी. प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या हृदयाच्या झडपाही पुष्कळदा चांगल्या असतात. हृदय थांबल्यावरही काही तासांत त्या काढून जपता येतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर आपला प्रत्यारोपण कायदा ऊतींनाही लागू झाला. तरी नेत्रदानाबद्दल घराघरांत बोलणारे आपण झडपांचं नावही काढत नाही. प्रत्येक रुग्णालयातल्या समुपदेशकाने नातेवाइकांना विचारायलाच हवं : हृदय देता आलं नाही, तर झडपा द्याल का? आणि सरकारने त्या जपणाऱ्या पेढ्या उभ्या करायला हव्यात. हे तंत्र उद्या इथे आलं, तरी धुण्यासाठी झडप कुणीतरी द्यावीच लागेल. ती कारखान्यात बनत नाही.