डोकी मोजू नका, मुली मोजा

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन पक्ष पडतात, आणि आमचे दैव असे की दोन्ही पक्ष एकाच रविवारी, मिस्सा संपल्यावर, दीपनगरात आम्हास गाठतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की देशाच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ वाढती प्रजा हेच होय. भुसावळ स्थानकावरील गर्दीपासून तरुणांच्या बेकारीपर्यंत सर्व काही तिच्यामुळेच. दुसऱ्याचे म्हणणे नेमके उलट. आपला समाज आटत चालला आहे, इतर वाढत आहेत, तेव्हा फादरांनी वेदीवरून चार मुलांचा उपदेश करावा. केरळातील पाला धर्मप्रांताने २०२१ साली पाच वा अधिक अपत्ये असलेल्या कुटुंबांना मासिक साहाय्य जाहीर केले, त्याचा दाखला हा पक्ष हटकून देतो. आजवर आम्ही दोघांनाही चहा पाजून वाटेला लावीत आलो. तो शिरस्ता आता पुरे झाला. आमच्या मते दोघेही चुकीची गोष्ट मोजीत आहेत.

पहिल्या पक्षाचे आद्य गुरू थॉमस माल्थस. हे गृहस्थ एका अर्थी आमच्याच व्यवसायातले, अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. प्रजा एक, दोन, चार, आठ अशी वाढते आणि अन्न मात्र एक, दोन, तीन, चार असे. ही तफावत दुष्काळ, रोगराई व युद्धे भरून काढतात, असा सिद्धान्त त्यांनी १७९८ साली मांडला. १८०५ पासून ते हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात शिकवीत. म्हणजे आपल्यावर राज्य करावयास येणारे तरुण त्यांच्या हाताखालून गेले. उपाशी माणूस ही गणिताची अपरिहार्य शिल्लक होय, ही विद्या राज्यकर्त्यांना किती सोयीची!

गणित मात्र चुकले. १९५१ साली भारताची लोकसंख्या ३६ कोटी होती आणि धान्य सुमारे ५ कोटी टन पिकत होते. आज लोकसंख्या चौपट झाली आहे, तर २०२२-२३ सालचे धान्य सुमारे ३३ कोटी टन, म्हणजे सहापटीहून अधिक. भूक अद्याप आहे. पण ती धान्य नसल्याची नव्हे, ते विकत घेण्याचे बळ नसल्याची. तरीही माल्थसच्या भयाने १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील किती राजीखुशीच्या होत्या, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. शाळामास्तरांनाही माणसे आणून देण्याचे आकडे तेव्हा ठरवून दिले जात.

दुसऱ्या पक्षाला आकडेच हवे असतील तर तेही घ्यावेत. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, यास एकूण प्रजननदर म्हणतात. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो मुसलमानांत ४.४, हिंदूंत ३.३ आणि ख्रिस्ती समाजात २.९ होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २.३६, १.९४ आणि १.८८ असे आहेत. घरे सर्वांचीच लहान होत आहेत, आणि ज्यांची भीती घातली जाते त्यांची सर्वांत वेगाने. शेजाऱ्याच्या पाळण्यावर डोळा ठेवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. येथे तर ते हिशेबालाही धरून नाही. चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी प्रजा वाढवावी लागत नाही, असे पोप फ्रान्सिस यांनीच जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पत्रकारांना सांगितले होते. अपत्ये किती असावीत हे पतिपत्नींनी सद्‌सद्‌विवेकाने ठरवावे, ही तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण. तो अधिकार जसा सरकारचा नव्हे, तसा धर्मग्रामाच्या अभिमानाचाही नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समाज आहे तेवढा टिकण्यासाठी हा दर २.१ असावा लागतो, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. आईबाप दोन, त्यांच्या जागी मुले दोन. मग वरचा दशांश कशासाठी? निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात, आणि त्यांतील काही आई होण्याच्या वयापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून. समाज टिकेल की आटेल हे ठरविताना शास्त्रज्ञ मुलगे मोजीतच नाहीत. शंभर स्त्रियांच्या मागे आई होण्याच्या वयाला पोहोचतील अशा मुली किती, एवढेच ते पाहतात. यास निव्वळ पुनरुत्पादन दर असे जड नाव आहे. मुली शंभर भरल्या तर समाज टिकला.

हे माप आपल्या जळगाव जिल्ह्यास लावून पाहा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२. (२०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही, म्हणून लोकसंख्येवर छातीठोक बोलणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.) ढोबळ हिशेब असा: या प्रमाणाने शंभर स्त्रियांना २१० अपत्ये झाली तरी त्यांत मुली ९६. राज्याचा अलीकडचा दर १.७ आहे, तो धरला तर ७८. चार मुलांचा उपदेश मागणाऱ्यांना आम्ही विचारतो, ती चार मुले ज्यांच्या पोटी जन्मायची, त्या कोठे आहेत?

दारिद्र्याने असे होते म्हणाल, तर नंदुरबारकडे पाहा. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला, सातपुड्याच्या कुशीतील हा आदिवासीबहुल जिल्हा. राज्यातील अत्यंत गरीब जिल्ह्यांत त्याची गणना होते. तेथे २०११ मध्ये हे प्रमाण ९४४ होते. केळी-कापसाच्या, पाटपाण्याच्या, महाविद्यालयांच्या आमच्या जिल्ह्यात ८४२! माल्थसला हे कोडे सुटले नसते. येथे माणसे दुष्काळाने घटवली नाहीत. ज्या घराला तपासणीची फी परवडते त्या घराने घटवली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, केंद्राचा १९९४ चा. तरी हे घडले. आणि छोट्या कुटुंबाचा जयघोष करणाऱ्या पहिल्या पक्षानेही हात झटकू नयेत. मुले दोनच, आणि त्यांत मुलगा हवाच, ही दोन वाक्ये एका घरात नांदू लागली की पुढचे गणित कोणालाही करता येते. २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून बाद करणारा नियम राज्याने आणला, तेव्हा आडून बसलेल्या या मुलग्याच्या हट्टाचा विचार कोणी केला होता?

“फादर, आपल्यात असे नसते.” हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल! २००१ च्या जनगणनेत देशातील ख्रिस्ती समाजात दर हजारी ९६४ मुली होत्या, हे खरे. पण त्या सरासरीत केरळचे आणि ईशान्येकडील राज्यांचे वजन आहे; खानदेशातील आपल्या मूठभर कुटुंबांबद्दल ती काहीच सांगत नाही. आपल्याकडेही मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. धर्मगुरूंच्या निवासात डबा आला की झाकण न उघडता, त्याच्या आकारावरूनच आम्हास आतली मिठाई ओळखता येते.

आणि आमचे काय? काही वर्षांपूर्वी एका घरी आशीर्वाद देण्यास गेलो होतो. सूनबाईंना सातवा महिना होता. दोन मुली समोर खेळत होत्या. आजीबाई हर्षाने म्हणाल्या, “या खेपेस मुलगा आहे, फादर.” आम्ही अभिनंदन केले, प्रार्थना केली, लाडूही खाल्ला. जिना उतरताना मनात आले, यांना हे कळले कसे? आणि धाकटी मुलगी तर सहा वर्षांची दिसत होती. मधल्या काळात आणखी कोणत्या खेपा होऊन गेल्या? परत वर जाऊन विचारण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. पुढे बाप्तिस्म्याच्या दिवशी तर तो प्रश्न अप्रशस्तच वाटला. ज्यांनी तपासणी केली त्यांच्याइतकेच, लाडू खाऊन खाली उतरणारेही त्या ८४२ मध्ये सामील आहेत, असे आम्हास आता वाटते.

येत्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतील गेल्या तीस वर्षांच्या मुली आणि मुलगे आम्ही वेगवेगळे मोजणार आहोत, आणि निघेल तो आकडा वार्षिक सभेत वाचून दाखविणार आहोत. जुन्या वह्यांतील अक्षर किरटे आहे व आमची दृष्टी अधू झाली आहे. दोन्ही पक्षांतील ज्यांना वाचण्यास बसावयाचे असेल त्यांनी शनिवारी सायंकाळी यावे.