आधी पांघरूण, मग अंथरूण : घरच्या स्विमिंग पूलचं पाणी ठेवा उबदार

मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर घेतलेल्या स्विमिंग पूलचं दिवाळीनंतर काय होतं? अंगणात तो तसाच उभा असतो. मुलं एक पाय बुडवतात, ‘बापरे, केवढं गार!’ म्हणतात आणि परत फिरतात. हौसेने घेतलेली वस्तू जेमतेम दोन महिने वापरली जाते आणि वर्षभर जागा अडवून बसते.

लोखंडी पाइपांच्या चौकटीवर जाड पीव्हीसी ताणून उभे केलेले हे फ्रेम पूल आता ऑनलाइन सहज मिळतात. जमिनीत खोदलेल्या तलावाला चारही बाजूंनी मातीची ऊब असते. जमिनीवर उभ्या असलेल्या पूलला ती नसते, म्हणून त्याचं पाणी लवकर गार पडतं. पण हीटर विकत घेण्याआधी थोडं थांबा. पाण्यात आलेली उन्हाची ऊब टिकवली, तरी बरंच काम होतं.

ऊब जाते कुठून?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठाच्या अंगावरून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातलं पाणी गार राहतं. उघडा पूल म्हणजे असाच एक भला मोठा माठ. त्याची सर्वाधिक उष्णता बाजूंनी नाही, तर वरून, वाफेबरोबर जाते.

साधा हिशेब करू. १० फूट व्यासाच्या आणि अडीच फूट उंचीच्या पूलमध्ये सुमारे साडेचार हजार लिटर पाणी मावतं. एका रात्रीत त्याची पातळी फक्त २ मिलिमीटर उतरली, तर साधारण १५ लिटर पाणी उडालं. तुमच्या लक्षातही येणार नाही. पण तेवढ्याने उरलेलं सगळं पाणी जवळजवळ २ अंशांनी गार होऊ शकतं. ती ऊब विजेवर परत आणायची, तर सुमारे १० युनिट वीज जाळावी लागेल, तीही रोज!

आधी पांघरूण

म्हणून पहिला खर्च झाकणावर करा. पाण्यावर तरंगणारं बुडबुड्यांचं प्लास्टिक कव्हर मिळतं. ते पूलच्या आकाराचं कापून घ्या आणि बुडबुडे पाण्याच्या बाजूला ठेवून पसरा. पारदर्शक किंवा फिकट निळं कव्हर घेतलंत, तर दिवसा ऊन आत येतं आणि पाणी तापतं. रात्री तेच कव्हर वाफ अडवतं. पाणी कमी उडाल्याने पूल वारंवार भरावाही लागत नाही. टँकरवर अवलंबून असणाऱ्या सोसायटीत हा फायदा मोठा आहे.

मुलं पाण्याबाहेर आली की लगेच कव्हर घाला. संध्याकाळी घालू म्हणून विसरलात, तर दिवसभराची कमाई रात्रीत जाते.

मग अंथरूण

गार फरशीवर आपण चटई टाकतो, तसंच पूलच्या खालीही काहीतरी हवं. मुलांच्या खोलीत घालतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया इथे चालतात. साधं थर्माकोल वजनाने चुरडतं, ते नको. हे काम पूल भरण्याआधीच करावं लागतं. जमीन सपाट करा, खडे वेचा, फोम अंथरा, त्यावर ताडपत्री आणि मग पूल. मुलांच्या पायांनाही खाली मऊ लागेल.

शेवटी बाजू आणि वारा

पत्र्याच्या शेडखाली लावतात ती चंदेरी बबल शीट पूलच्या बाहेरून गुंडाळता येते. ती टेपने चिकटवा, पण मधूनमधून काढून आत ओल साचली आहे का ते बघा. ओलीमुळे चौकटीचे पाइप गंजतात. वारा ज्या बाजूने येतो तिथे ताडपत्रीचा आडोसा केलात, तर वाफही कमी होते आणि पाण्याबाहेर आलेलं मूल कुडकुडत नाही.

हे मात्र करू नका

 • बादलीत टाकतो तो हीटरचा रॉड पूलमध्ये कधीही टाकू नका. विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो.
 • ऊन जास्त मिळतं म्हणून पूल गच्चीवर हलवू नका. दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो वजन. घराची गच्ची साधारण दीडशे ते दोनशे किलो धरून बांधलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हा विचारही नको.
 • कव्हर अर्धवट सरकवून मुलांना पाण्यात सोडू नका. तरंगणारं कव्हर मुलाचं वजन पेलत नाही आणि त्याखाली गेलेलं मूल वरून दिसत नाही. कव्हर पूर्ण काढा, मगच मुलांना उतरवा आणि एका मोठ्या माणसाने तिथेच थांबा. खेळ संपला की शिडी काढून ठेवा.
 • क्लोरीन टाकल्यावर लगेच झाकू नका. पंप चालू ठेवून पूल थोडा वेळ उघडा राहू द्या.
 • कव्हरवर साचलेलं पाणी राहू देऊ नका. डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं.

किती अपेक्षा ठेवाल?

पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर अशा ठिकाणी हिवाळ्यातही दिवसा चांगलं ऊन असतं आणि गारठा रात्री पडतो. तिथे या उपायांचा खरा उपयोग होतो आणि पोहण्याचे दिवस दोन्ही टोकांना वाढतात. दिल्लीत जानेवारीच्या धुक्यात ऊनच नसेल, तर कव्हर तरी काय धरून ठेवणार? तेव्हा पूल रिकामा करून, नीट वाळवून, घडी घालून ठेवणंच शहाणपणाचं.

एक साधा थर्मामीटर मात्र जरूर घ्या. लहान मुलांना साधारण २८ ते ३० अंशांचं पाणी बरं वाटतं. आणि आकडा काहीही असो, मूल कुडकुडायला लागलं किंवा ओठ निळे दिसले, की ‘अजून पाच मिनिटं’ ऐकू नका. बाहेर काढा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि हातात गरम दुधाचा पेला द्या. पूलला पांघरूण घालायचं काम त्यानंतर.