विश्लेषण : रिॲक्टरमधील बिघाड आवाजावरून आधीच कळू शकतो का?

डोंबिवली एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्यातील अमुदान केमिकल्स कंपनीत २३ मे २०२४ रोजी रिॲक्टरचा स्फोट झाला आणि दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर विचारले जाते, की बिघाडाचा इशारा आधी मिळू शकतो का? काही बिघाडांबाबत तो मिळू शकतो, तोही आवाजातून.

आवाजातून काय कळते?

दारव्ह्याच्या कापूसपट्ट्यात जिनिंगमधला अनुभवी फिटर बेअरिंग खराब झाल्याचे आवाजावरून ओळखतो. इथे तत्त्व तेच आहे. रसायने ढवळणारा ॲजिटेटर, त्याचा गिअरबॉक्स, पंप आणि व्हॉल्व्ह यांचा आवाज ठरलेला असतो. बेअरिंग झिजले किंवा व्हॉल्व्ह गळू लागला की तो बदलतो.

मग सेन्सर कशाला?

माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येतात. धातूतील तडा वाढताना निघणाऱ्या लहरी बहुधा १०० किलोहर्ट्झच्या वर टिपल्या जातात. त्यासाठी रिॲक्टरच्या बाहेरच्या बाजूला सेन्सर बसवतात. छिद्र पाडावे लागत नाही, उत्पादनही सुरू राहते.

ॲजिटेटर महत्त्वाचा का?

उष्णता निर्माण करणाऱ्या अभिक्रियेत ढवळणे थांबले, तर रसायने न मिसळता साचतात आणि उष्णताही नीट बाहेर पडत नाही. अशा वेळी ॲजिटेटर अचानक सुरू केल्यास सगळे एकदम मिसळून तापमान व दाब आटोक्याबाहेर जाऊ शकतात.

मर्यादा कोणत्या?

चुकीचे रसायन पडले किंवा शीतकरण बंद पडले, तर आवाजावर विसंबता येत नाही. तापमान व दाबमापक, सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हा पर्याय नाही. शिवाय यंत्र सुस्थितीत असतानाचा आवाज आधी नोंदवावा लागतो. एकाच रिॲक्टरमध्ये वेगवेगळी उत्पादने घेतली जात असतील, तर प्रत्येकाची नोंद वेगळी लागते. नाही तर खोटे इशारे वाढतात आणि कामगार त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात.

इशारा मिळाल्यावर काय?

खरी कसोटी इथेच आहे. अभिक्रिया मध्येच थांबवणेही धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे दोष दिसताच पुढची बॅच न भरणे, हाच सुरक्षित मार्ग. पण बॅच थांबली की लहान कारखान्याला थेट तोटा होतो. पाळीवरील ऑपरेटरला ‘आज भरायची नाही’ असे सांगण्याचा अधिकार नसेल, तर सेन्सरची नोंद केवळ अपघातानंतरच्या चौकशीत कामी येईल.